रोजच्या प्रश्नांची परीक्षा

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नव्हे, अशा लोकांच्या इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा केंब्रिज विद्यापीठानें प्रथम इ. स. १९१३ मध्यें घेतली. तिला तीन उमेदवार बसले आणि तिन्ही अनुत्तीर्ण झाले. परीक्षा १२ तासांची होती. भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय व ध्वनिशास्त्र मिळून ११ तास लेखी काम. श्रुतलेखनास अर्धा तास. आणि उरलेल्या अर्ध्या तासांत प्रकट वाचन व संभाषण. म्हणजे बोलण्याच्या वाट्यास १२ तासांपैकीं अर्धा तासही पुरता आला नाहीं. आज जगांतील लक्षावधि विद्यार्थी इंग्रजी बोलण्याच्या ज्या परीक्षेस बसतात, तिचा आरंभच मुळीं “आपण कोठें राहतां? काय करतां? फावल्या वेळीं काय आवडतें?” अशा घरगुती प्रश्नांनीं होतो. विद्वत्तेच्या परीक्षेंत या साध्या प्रश्नांस मानाचें स्थान कसें मिळालें, हें पाहणें उद्बोधक आहे. कारण त्या इतिहासांतच त्यांच्या तयारीचें मर्म सांठविलेलें आहे.

रोजचें बोलणें शिकण्याची गरज परीक्षेहून पुष्कळ जुनी आहे. इ. स. १५७२ मधील सेंट बार्थोलोम्यूच्या हत्याकांडानंतर फ्रान्समधील अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबें इंग्लंडच्या आश्रयास आलीं. त्यांस चॉसरचें काव्य वाचावयाचें नव्हतें. खाटकाकडून मांस आणि कोळ्याकडून मासळी घ्यावयाची होती. त्यांच्यापैकींच एक भाषाशिक्षक जॅक बेलो यानें १५८६ सालीं लंडनांत परिचित संवादांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पानावर तीन रकाने: एकांत इंग्रजी वाक्य, दुसऱ्यांत त्याचा फ्रेंच अर्थ, तिसऱ्यांत इंग्रजी उच्चार फ्रेंच माणसास वाचतां येईल अशा अक्षरांत. संवादांचा क्रम दिवसाच्या क्रमाप्रमाणें चाले. सकाळीं उठणें, मुलांनीं शाळेस जाणें, बाजार करणें, पाहुण्यांस जेवूं घालणें. या पुस्तकाची परीक्षा कोणी विद्यापीठ घेत नव्हतें. ती रोज बाजारांत होत असे, आणि तींत नापास होणाऱ्यास रिकाम्या हातीं घरीं परतावें लागे.

पुढें मात्र भाषाशिक्षण शाळेच्या हातीं गेलें आणि लॅटिन शिकविण्याची जी रीत होती तीच जिवंत भाषांस लावली गेली. नियम पाठ करावे, अपवाद पाठ करावे, वाक्यांचें भाषांतर करावें, हाच मार्ग ठरला. महाराष्ट्रांतही इंग्रजी शिक्षण याच वाटेनें आलें. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. पुढें पिढ्यान् पिढ्या मराठी मुलें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलीं. त्या पाठमालेचे उपकार मोठे आहेत. वाक्याची घडण तिनें पक्की करून दिली. परंतु मराठी वाक्य मनांत जुळवून मग त्याचें इंग्रजी करावयाचें, ही संवय कागदावर चालते. समोर माणूस उत्तराची वाट पाहत बसला असतां ती अपुरी पडते. “मला दोन भाऊ आहेत” हें सांगतांना “आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स” असें जें तोंडून निघतें, त्याचें कारण नियमाचें अज्ञान हें क्वचितच असतें. “आय हॅव” हें मुलानें शंभर वेळां लिहिलेलें असतें, पण बोललेलें नसतें.

युरोपांत या रीतीविरुद्ध बंड झालें तें १८८२ सालीं. जर्मनींतील विल्हेल्म फीटर यानें एका छोट्या पुस्तिकेंत भाषाशिक्षणाची दिशाच फिरविली पाहिजे असें प्रतिपादन केलें. भाषा ही प्रथम ध्वनि आहे, मग अक्षर, हें त्याचें सूत्र. इंग्लंडांत हेन्री स्वीट यानें १८९९ सालीं हेंच मत शास्त्रीय पद्धतीनें मांडलें. १९१३ च्या केंब्रिज परीक्षेंत ध्वनिशास्त्राची दीड तासांची प्रश्नपत्रिका शिरली ती याच चळवळीमुळें. परंतु येथें एक गंमत झाली. बोलण्याचें महत्त्व पटलें म्हणून बोलण्याविषयींचें शास्त्र लेखी विचारण्यांत आलें! जीभ कोठें टेकते याचें वर्णन करणें निराळें आणि ती बिनचूक टेकविणें निराळें. १९३२ पर्यंत ही प्रश्नपत्रिका गळून पडली.

याच सुमारास हॅरल्ड पामर या शिक्षणज्ञानें तयारीचा प्रश्न सोडविण्याचा यत्न केला. मौखिक पद्धतीवरील त्याचें पुस्तक १९२१ सालीं निघालें आणि १९२३ सालीं त्यानें टोकियोंत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था स्थापिली. शिक्षकानें “पुस्तक टेबलावर आहे काय?” असें विचारावें, विद्यार्थ्यानें तत्काळ पूर्ण वाक्यांत उत्तर द्यावें, अशा प्रश्नोत्तरांची त्यानें योजना केली. उत्तर दोघांसही ठाऊक असतें. नवी माहिती देणें हा त्यांचा हेतूच नव्हे. प्रश्न कानीं पडणें आणि उत्तर ओठीं येणें यांतील अंतर कमी करणें हा हेतु. गवयी मैफलीपूर्वीं पलटे घोटतो, त्यांतलाच हा प्रकार.

१९३० सालीं अमेरिकेंत परदेशी विद्यार्थ्यांसाठीं कॉलेज बोर्डानें परीक्षा सुरू केली. तींत परीक्षकाच्या हातीं संभाषणाचे १० विषय आधींच तयार करून दिलेले असत. ओघ, उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, इतकेंच नव्हे तर प्रश्नास प्रतिसाद देण्याची तत्परताही पाहिली जाई. आणि उमेदवार बुजरा असल्यास तेंही नमूद करावें अशी सूचना होती. ही शेवटची सूचना मराठी वाचकानें विशेष ध्यानांत घ्यावी. ज्या घरांत वडिलांसमोर थोडें बोलणें हाच विनय समजला जातो, तेथील मुलगा परीक्षकाच्या प्रश्नास “होय” किंवा “नाहीं” म्हणून नम्रपणें थांबतो. त्याच्या मतें तो शिष्टाचार पाळीत असतो. परीक्षकाच्या वहींत मात्र भाषेची उणीव नोंदली जाते.

केंब्रिजनें १९३९ मध्यें एक खालच्या पायरीची परीक्षा सुरू केली. महायुद्धांत ब्रिटनमध्यें आलेल्या पोलिश सैनिकांस ती फार उपयोगी पडली. बेलोच्या काळच्या निर्वासितांप्रमाणें त्यांसही परक्या देशांत रोजचें जीवन कंठावयाचें होतें. त्या परीक्षांचा कारभार पाहणारे जॅक रोच यांनीं १९४५ सालीं मौखिक परीक्षेच्या अडचणींवर एक अहवाल लिहिला. एकच उमेदवार दोन परीक्षकांनीं ऐकला तर दोघांचे गुण जुळतात काय, हा त्यांचा सवाल. लेखी उत्तर पुनः तपासतां येतें. बोललेला शब्द हवेंत विरून जातो. मग न्याय कसा व्हावा? पुढील सर्व सुधारणांच्या मुळाशीं हीच चिंता दिसते.

त्या सुधारणांचें फळ म्हणजे १९८९ सालीं सुरू झालेली आयेल्ट्स परीक्षा. तिच्या बोलण्याच्या भागास २००१ सालीं आजचें रूप आलें. सर्व मिळून ११ ते १४ मिनिटें. आरंभींचीं ४ ते ५ मिनिटें घर, गांव, शिक्षण, काम, आवडीनिवडी यांवरील प्रश्न. मग १ मिनिट विचार करून दिलेल्या विषयावर १ ते २ मिनिटें सलग बोलणें. शेवटीं ४ ते ५ मिनिटें त्याच विषयाची व्यापक चर्चा. परीक्षक आखून दिलेल्या चौकटींतच प्रश्न विचारतो आणि सर्व बोलणें ध्वनिमुद्रित होतें. रोच यांच्या चिंतेवरचा हा उतारा. गुण चार गोष्टींस मिळतात: ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरण आणि उच्चार. सांगितलेली माहिती खरी कीं खोटी, मत ग्राह्य कीं अग्राह्य, यांस गुण नाहींत. परदेशीं शिकूं जाणारा विद्यार्थी असो वा रुग्णालयांत नोकरी धरणारी परिचारिका असो, या थोड्या मिनिटांवर त्यांच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें अवलंबून असतात.

म्हणूनच पाठांतराचा मोह पडतो. “माझें गांव” हा निबंध घोकून जाणारे उमेदवार पुष्कळ. परंतु पाठ केलेलें बोलणें ओळखण्याचें शिक्षण परीक्षकास दिलेलें असतें, आणि प्रश्नानें थोडी बगल दिली कीं निबंध निरुपयोगी होतो. गांवीं काय आवडतें याची तयारी असते. लहानपणापासून गांव कितपत बदललें असें विचारलें कीं वाचा बसते.

खरी तयारी बेलो आणि पामर यांनीं दाखविलेल्या दोन मार्गांच्या संगमांत आहे. बेलोप्रमाणें आपल्याच दिवसाचा क्रम घ्यावा आणि उठल्यापासून निजेपर्यंत जें जें करतों, पाहतों, खातों, तें इंग्रजींत सांगण्याची संवय करावी. पामरप्रमाणें कोणा सोबत्यानें प्रश्न विचारावे, आणि तेही दर खेपेस थोडे फिरवून. उत्तर एका शब्दावर न सोडतां त्यास एक कारण आणि एक उदाहरण जोडावें. ओसरी, माजघर, तुळशीवृंदावन यांस इंग्रजी शब्द सांपडत नाहीं म्हणून अडखळूं नये. “घराच्या पुढील मोकळी बैठक, जेथें संध्याकाळीं शेजारी येऊन बसतात” असें वर्णन करावें. शब्दावांचून अर्थ पोंचविणें हें वैगुण्य नसून गुणपात्र कौशल्य मानलें जातें.

परीक्षा विद्वत्तेच्या शिखरावरून उतरून घराच्या उंबरठ्यावर आली ती सोपी झाली म्हणून नव्हे. मिल्टनवरील उत्तर उसनें आणतां येतें. आपल्या घराविषयींचें उत्तर ज्याचें त्यानेंच द्यावें लागतें.