मोह आणि पाप : इजिप्तच्या वाळवंटातील एक शोध



पाप हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एखादे कृत्य उभे राहते. चोरी, खून, व्यभिचार, खोटी साक्ष. न्यायालयाला कृत्याशीच कर्तव्य असते आणि ते योग्यच आहे. मनात काय आले याची नोंद कोणत्याही चावडीवर होऊ शकत नाही. परंतु धर्माचा प्रश्न कृत्याच्या पुष्कळ अलीकडे सुरू होतो. हात पुढे होण्यापूर्वी मनात काहीतरी हलते. ते हलणे हेच पाप काय? तसे असेल तर पृथ्वीच्या पाठीवर निष्पाप माणूस सापडणे अशक्य. आणि तसे नसेल, तर पापाची सीमारेषा नेमकी कोठे आखायची?

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या प्रश्नाचा अत्यंत बारकाईने विचार झाला तो चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात. विचार करणारे बहुतेक लोक साधे शेतकरी होते. टोपल्या आणि चटया विणून ते पोट भरीत. त्यांच्यात एखाददुसरा पंडितही होता. या मंडळींनी मोहाचे जे शास्त्र उभारले, त्याचा उगम, त्याचे स्वरूप आणि पुढे त्याची झालेली गत आज आपणांपुढे मांडावयाची आहे. येथे मोह हा शब्द मी प्रलोभन या अर्थी वापरीत आहे, वेदान्तातील अज्ञान या अर्थी नव्हे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

या विचाराचे मूळ शुभवर्तमानात आहे. बाप्तिस्म्यानंतर येशू अरण्यात जातो, चाळीस दिवस उपास करतो आणि सैतान त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो. दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, मला नमन कर म्हणजे जगातील सारी राज्ये तुझी. तिन्ही वेळा येशू शास्त्रवचनाने उत्तर देतो. ग्रीक भाषेत या प्रसंगाला जो शब्द आहे, पैरास्मोस, त्याचे अर्थ दोन : कसोटी आणि भुरळ. मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत त्यासाठी ‘परीक्षा’ हा शब्द आला आहे आणि तो फार बोलका आहे. परीक्षेला बसणे म्हणजे नापास होणे नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन आहे की ख्रिस्ताची आपल्यासारखीच सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे मोह येणे आणि पाप घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र प्रारंभापासून ग्रंथात होते. ते रोजच्या जगण्यात कसे आणायचे हे मात्र कोणी नीट सांगितले नव्हते.

त्याला कारणही होते. पहिली तीन शतके ख्रिस्ती माणसापुढचा सर्वांत मोठा मोह बाहेरून येत होता आणि त्याला ठसठशीत रूप होते. इसवी सन 250 मध्ये सम्राट डेसियसने हुकूम काढला की प्रजेने देवतांना बळी अर्पावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळिसांहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसावर लिहिलेले सापडले आहेत. एक चिमूट धूप टाकला की जीव वाचतो, नाही टाकला तर तुरुंग किंवा मरण. अशा वेळी मोह कोणता आणि पाप कोणते हे पोरालाही कळे. सन 303 मध्ये डायोक्लेशियनने पुन्हा छळ आरंभला. पण दहा वर्षांतच पारडे फिरले. सन 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि 380 मध्ये थिओडोसियसने तोच राज्याचा धर्म ठरविला. कालपर्यंत ज्या धर्माने प्राण जात, त्यानेच आता अधिकार मिळू लागला. तलवार म्यान झाली. मग शत्रू गेला कोठे?

अंतोनी नावाच्या इजिप्शियन तरुणाला याचे उत्तर थोडे आधीच मिळाले होते. त्याचा जन्म सुमारे 251 सालचा. घरची सुपीक जमीन होती. आईबाप वारल्यावर एकदा प्रार्थनामंदिरात त्याने ऐकले की पूर्ण व्हायचे असेल तर आपले असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. त्याने ते शब्दशः केले आणि तो एकांतात गेला. त्याचे चरित्र अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने अंतोनीच्या मृत्यूनंतर, म्हणजे 356 नंतर, थोड्याच वर्षांत लिहिले. त्या चरित्रात अंतोनीला प्रथम छळते ती राक्षसांची सेना नव्हे. त्याला आठवते ती सोडलेली जमीन, धाकट्या बहिणीची काळजी, पैसा, मानमरातब आणि चवीचे जेवण. एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या याच आठवणी एकांतात अक्राळविक्राळ होतात. पुढे एका थडग्यात राहत असताना तो मार खाऊन अर्धमेला होतो आणि प्रकाश दिसताच विचारतो की प्रभू, तू इतका वेळ होतास कोठे? उत्तर मिळते की मी येथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो. या कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मोहाच्या वेळी माणूस देवाने टाकलेला नसतो, ही ती गोष्ट. पापाच्या भीतीने पोळलेल्या मनाला याहून मोठा दिलासा कोणता?

अंतोनीने अनुभव दिला. त्याचे शास्त्र केले ते इव्हाग्रियस या पंडिताने. काळ्या समुद्राच्या दक्षिणेस पाँटस प्रांतात सुमारे 345 साली तो जन्मला. बेसिल आणि नाझियान्झसचा ग्रेगरी अशा थोरांच्या हाताखाली तो तयार झाला आणि कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये वादविवादपटू म्हणून गाजला. तेथे एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीशी त्याचे मन गुंतले. त्याचा शिष्य पॅलेडियस सांगतो की सुटण्याची धडपड चालू असतानाच त्याला स्वप्न पडले. स्वप्नात तो बेड्यांत होता आणि हे शहर सोडीन अशी शपथ त्याने शुभवर्तमानावर हात ठेवून घेतली. जाग आल्यावर तो म्हणाला की स्वप्नात का होईना, शपथ घेतली ती घेतलीच. स्वप्नातील दानासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या वृत्तीची वेगळी ओळख करून द्यायला नको. इव्हाग्रियस जहाजात बसला आणि जेरुसलेमला आला.

पण जागा बदलली म्हणून मन बदलत नाही. जेरुसलेमात तो पुन्हा छानछोकीत रमला आणि मग सहा महिने तापाने अंथरुणाला खिळला. वैद्य हरले. मेलानिया नावाच्या रोमन तपस्विनीने मात्र दुखणे वेगळेच आहे हे ओळखले आणि त्याच्याकडून सारे वदवून घेतले. बरा होताच सुमारे 383 साली तो इजिप्तला गेला. नाइलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस नायट्रिया येथे त्याने दोन वर्षे काढली आणि मग केलिया, म्हणजे ‘कुट्या’, या अधिक निर्जन वस्तीत चौदा वर्षे. तेथे तो पोथ्यांच्या नकला करून पोट भरी. सन 399 मध्ये तो वारला.

इव्हाग्रियसने मोहांची आठ विचारांत वर्गवारी केली : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, विषाद, क्रोध, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. त्याने त्यांना ‘पापे’ म्हटले नाही, ‘विचार’ म्हटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याचे म्हणणे असे की हे विचार मनात येणे न येणे आपल्या हाती नाही. ते तेथे रेंगाळतात की नाही, वासनेला चेतवतात की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. दारावर कोण येईल हे घरधनी ठरवीत नाही. कोणाला पाट मांडायचा हे तोच ठरवितो. साऱ्या वाळवंटी शास्त्राचा गाभा एवढाच आहे.

आपणांस येथे साहजिकच षड्रिपू आठवतील. काम, क्रोध, लोभ आणि मद यांची जोडी सहज लागते. पण भेद अधिक बोधप्रद आहे. षड्रिपूंतील मत्सर इव्हाग्रियसच्या यादीत नाही. उलट विषाद आणि कंटाळा ही दोन नावे षड्रिपूंत नाहीत. एकांतवासी माणसाने एकांतातच पाहिलेले हे शत्रू आहेत. कंटाळ्याचे, ग्रीकमध्ये अकेदियाचे, त्याने केलेले वर्णन तर वाचणाऱ्याला हसू आणते. ऐन दुपारी सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते उन्हावरून पाहतो, कोणी भेटायला येते आहे का ते न्याहाळतो. मग त्याला ही जागाच वाईट वाटू लागते, हातचे काम नकोसे होते, शेजाऱ्यांत माया उरली नाही असे वाटते आणि दुसरीकडे गेलो तर देव अधिक लवकर भेटेल असा साळसूद विचार सुचतो. कचेरीत किंवा दुकानात बसणाऱ्या आपणांपैकी कोणाला या पाहुण्याची ओळख नाही? मोह नेहमी अप्सरेच्या रूपाने येत नाही, पुष्कळदा तो जांभईच्या रूपाने येतो.

यावर उपाय कोणते? इव्हाग्रियसने प्रत्युत्तरांचा एक ग्रंथ रचला. आठ विचारांचे आठ भाग, आणि कोणता विचार आला असता कोणते शास्त्रवचन त्याच्या तोंडावर फेकावे याची जवळजवळ पाचशे उदाहरणे. अरण्यात येशूने जे केले, तेच सामान्य माणसाच्या हाती दिले. दुसरा उपाय हाताला काम. तिसरा, विचार वडीलधाऱ्या गुरूपुढे उघडा करणे. कारण लपविलेला विचार अंधारात वाढतो. अब्बा पोइमेनकडे एक जण मनातील विचारांची तक्रार घेऊन आला. पोइमेनने त्याला बाहेर नेले आणि अंगरख्यात वारा धरून ठेवायला सांगितले. ते होईना, तेव्हा पोइमेन म्हणाला की वारा तुला अडविता येत नाही, तसे विचारही; त्यांना विरोध करणे तेवढे तुझे काम. अम्मा सारा हिने तेरा वर्षे कामवासनेशी झुंज दिली; झुंज संपावी अशी प्रार्थना तिने एकदाही केली नाही, फक्त बळ मागितले.

या मार्गात एक धोका होता आणि तो या लोकांनी ओळखला होता. इव्हाग्रियसच्या यादीत शेवटची दोन नावे लौकिक आणि गर्व यांची आहेत, कारण इतर शत्रू हरले की त्या विजयातूनच हे दोन जन्म घेतात. अब्बा मोशे पूर्वायुष्यात दरोडेखोर होता. एका बंधूच्या अपराधाचा न्याय करायला त्याला बोलाविले, तेव्हा तो गळके भांडे पाठीवर घेऊन आला. माझी पापे माझ्यामागे गळत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो, असे त्याने सांगितले. सभेने त्या बंधूला क्षमा केली.

हे शास्त्र वाळवंटाबाहेर पडले. सन 386 मध्ये मिलान येथे ऑगस्टिनला एका परिचिताने अंतोनीची कथा सांगितली आणि त्याच्या जीवनाला कलाटणी देणाऱ्या कारणांत ती एक ठरली. पुढे त्याने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, सुखाची चटक आणि संमती. पाप पुरे होते ते संमतीने. मात्र संमती नाकारण्याचे बळ माणसाचे स्वतःचे की देवाच्या कृपेचे, यावरून पेलेजियसशी त्याचा मोठा वाद झाला आणि 418 च्या कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचे मत धिक्कारले. निव्वळ निश्चयावर विसंबणारा माणूस एक तर खचतो किंवा फुगतो, या ऑगस्टिनच्या अनुभवाला तपस्व्यांचा जुना अनुभव दुजोराच देत होता.

इजिप्तमध्ये राहिलेल्या जॉन कॅसियनने मार्सेय येथे बसून सुमारे 420 च्या पुढे मागे हे आठ विचार लॅटिनमध्ये आणले. पोप पहिला ग्रेगरी, ज्याची कारकीर्द 590 ते 604, याने यादी फिरविली. गर्वाला साऱ्यांचे मूळ ठरविले, कंटाळा विषादात मिसळला आणि मत्सर आत घेतला. अशा रीतीने सात प्रमुख पापे सिद्ध झाली. पुढे विषादाच्या जागी आळस आला. सन 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पापकबुली आवश्यक केली, तेव्हा ही यादी घरोघर पोहोचली.

या प्रवासात लाभ झाला तसे नुकसानही झाले. वैद्याची रोगलक्षणांची वही होती, तिची हळूहळू कारकुनाची खतावणी झाली. ‘माझ्या दाराशी काय आले आहे?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘मी किती पापे केली?’ हा पुढे आला. कंटाळ्याचे ते सूक्ष्म निदान नुसत्या आळसात बुडाले. आणि मूळ वैद्याचे नावही पुसले गेले. सन 553 च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेच्या सुमारास ओरिजेनच्या मतांबरोबर इव्हाग्रियसही पाखंडी ठरला. तथापि त्याचे प्रार्थनेवरील पुस्तक नायलस या दुसऱ्या साधूच्या नावावर वाचले जात राहिले आणि प्रत्युत्तरांचा ग्रंथ सिरियाक व आर्मेनियन भाषांतून तगला. ज्याने लौकिकाची हाव हा मोठा शत्रू मानला, त्याची शिकवण शतकानुशतके त्याच्या नावाशिवाय लोकांच्या उपयोगी पडली.

मोह आणि पाप यांतील भेद विसरला तर दोन अनर्थ होतात. हळवा माणूस मनात आलेल्या प्रत्येक विचाराला पाप समजून निराश होतो, आणि इतके बिघडलेच आहे तर आता उरले काय, असे म्हणून खरोखरच घसरतो. धूर्त माणूस आपल्या मनात काही येतच नाही असे सोंग आणतो आणि शेजाऱ्याचा न्याय करायला बसतो. वाळवंटातील तपस्व्यांनी या दोघांनाही एकच उत्तर दिले. शेवटच्या श्वासापर्यंत मोहाची अपेक्षा ठेवावी, असे अंतोनी शिष्यांना सांगत असे. ही निराशेची वाणी नव्हे. विचार येतो आणि आपण होकार देतो, या दोहोंमध्ये एक क्षण असतो. तो क्षण लहान असतो, पण माणसाचे स्वातंत्र्य तेवढ्यातच असते. आणि तो रिकामा नसतो, तेथे कृपा उभी असते, ही त्या लोकांची श्रद्धा होती. ती श्रद्धा ज्यांची नसेल त्यांनाही तो क्षण मात्र नाकारता येणार नाही.