विठ्ठल विहारातील आकाशवाणी

म्हैसूरच्या इतिहासावर मराठी माणसाने लिहावयाचे म्हटले, की लेखणी आपोआप शहाजीराजांकडे, नाही तर पेशवे आणि हैदर यांच्या लढायांकडे वळते. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आमचीही प्रथम तीच गत झाली. परंतु ज्या विषयाशी आमच्या आयुष्याची काही वर्षे जडली आहेत, तो रणांगणावरचा नव्हे, वाऱ्यावरचा आहे. तो म्हणजे या शहरातील रेडिओ.

कंसाला देवकीच्या वरातीत ऐकू आलेली आकाशवाणी आपल्याला कीर्तनांतून ठाऊक होती. यंत्रातून येणाऱ्या आवाजाला मात्र आपले वडीलधारे ‘रेडिओ’ किंवा ‘नभोवाणी’ म्हणत. तो पौराणिक शब्द या यंत्राला मिळाला तो दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे; तो मिळाला म्हैसुरात, एका प्राध्यापकाच्या राहत्या घरी. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या बंगल्यातून प्रसारण सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. हे नाव त्यांचे सहकारी ना. कस्तुरी यांनी सुचविले, असेही सांगितले जाते. कोलकात्याच्या केंद्राशी हा शब्द रवींद्रनाथांमुळे जोडला जातो, पण ती हकीगत नंतरची. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावसुद्धा जून १९३६ मधले. म्हणजे म्हैसूरचे बारसे त्याआधीचे.

यंत्र होते अवघ्या ३० वॅटचे. आपल्या माजघरात पूर्वी जळणारा साधा दिवासुद्धा त्याहून अधिक वीज खात असे! पुढे अधिक शक्तीचे यंत्र आले. प्रारंभीच्या प्रसारणात कवी कुवेंपू यांनी आपले काव्य वाचले. सुमारे सहा वर्षे प्राध्यापकमहाशयांनी बव्हंशी पदरमोड करून हा संसार चालविला; त्यानंतर तो म्हैसूर संस्थानाने आपल्याकडे घेतला. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारकडे जाऊन १९५५ साली ते बंगळूरला हलले, आणि १९५६-५७ च्या सुमारास ‘आकाशवाणी’ हे नाव साऱ्या देशाचे झाले. २०२३ मध्ये तर प्रसार भारतीने इंग्रजी नाव बाजूला सारून तेवढेच ठेवण्याचे ठरविले.

त्या बंगल्याचे नाव ‘विठ्ठल विहार’. विठोबाला आपले संत कानडा म्हणत आले. त्याच्या नावाच्या घरातून हा शब्द निघावा, यात आम्हांस उगाचच आपलेपणा वाटतो. वाचकांनी तो चालवून घ्यावा.

म्हैसूरला स्वतंत्र केंद्र पुन्हा मिळाले ते १९७४ साली, यादवगिरीत, विठ्ठल विहारापासून हाकेच्या अंतरावर. तेथे ऐंशीच्या दशकात आम्ही काही वर्षे नैमित्तिक निवेदक म्हणून जात असू. वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आमचे शिक्षण येथेच झाले, त्यामुळे कानडी जिभेवर बसलेली होती. पहाटे अंधारातच सायकल काढावी लागे. ड्यूटी रूममध्ये दिवसाचा क्यू-शीट ताब्यात घ्यावयाचा, स्पूल फिती क्रमाने लावावयाच्या, तबकड्यांवरील धूळ पुसावयाची आणि स्टुडिओच्या जाड दाराआड जाऊन बसावयाचे. वॉल्टर कॉफमन या निर्वासित संगीतकाराने बांधलेली ती ओळखीची धून संपली, की तांबडा दिवा लागे आणि तोंडाला कोरड पडे. ती कोरड शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही. लहान केंद्रावर वाचणारा, तबकडी लावणारा आणि घड्याळ पाहणारा बहुधा एकच असे. दिल्लीच्या बातम्यांना जोडून घेण्यापूर्वीचा अर्धा मिनिट वाद्यसंगीताने भरून काढावयाचा आणि ते नेमक्या सेकंदाला हलक्या हाताने मिटवावयाचे, यात जे समाधान होते ते आम्हांस पुढे कोणत्याही पगाराच्या नोकरीत मिळाले नाही. शेतीच्या कार्यक्रमासाठी आलेले वृद्ध शेतकरी पायताणे बाहेर काढून आत येत आणि मायक्रोफोनला नमस्कार करीत. आम्हांस तेव्हा हसू येई. आता येत नाही.

विठ्ठल विहारावरून आम्ही शेकडो वेळा सायकलीने गेलो असू. हा शब्द रोज सकाळी उच्चारीत असताना त्याचे जन्मघर वाटेवरच आहे, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. कळले ते नोकरीनिमित्त गाव सोडून परतल्यावर. १९३५ साली त्या घरातून जे बोलले, गायले गेले, ते त्याच क्षणी हवेत विरले. ध्वनिफीत आपल्याकडे येण्यास अद्याप अवकाश होता. आमच्या काळी फिती होत्या, परंतु निवेदन कोण ध्वनिमुद्रित करून ठेवतो? आमचाही आवाज त्याच वाटेने गेला.

एक श्रोता मात्र होता. आमची आई कृष्णाकाठच्या खेड्यातून येथे आलेली. भाजीवालीपुरतेच कानडी तिला येई. आमची पाळी असली की ती पहाटे देवपूजा लवकर आटोपून रेडिओजवळ बसे. एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही घरी परतलो तो ती दारातच उभी. म्हणाली, “काय बोललास ते मला काही कळलं नाही. पण घसा बसलाय तुझा. काढा उकळत ठेवलाय, आधी तो घे.”