सातपुड्याचा रानपिंगळा

मुक्ताईनगराच्या उत्तरेस सातपुड्याची जी रांग आहे, तीच पश्चिमेस शहादे-तळोद्याकडे जाते. तेथील एका लहानशा पाखरानें शंभरांहून अधिक वर्षें पंडितांस चकविलें. तें पाखरूं म्हणजे रानपिंगळा. घुबडांच्या कुळांतला असूनहि हा दिवसां वावरतो; उघड्या फांदीवर सकाळचें ऊन खात बसतो.

१८७३ सालीं ह्यूम यांनीं त्याचें प्रथम वर्णन केलें. पुढें मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं खानदेशांत कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीस तो मिळाल्याचें माइनर्ट्‌झहागेन यानें सांगितलें, आणि शोधकांचीं पावलें तिकडे वळलीं. वास्तविक तो नमुना डेव्हिडसन यांचाच. संग्रहालयांतून चोरून त्यास खोटी चिठ्ठी लावलेली होती. हें कपट पामेला रॅस्मुसेन यांनीं उघडकीस आणलें. मग जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवून त्या सहकाऱ्यांसह शहाद्याच्या रानांत आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं रानपिंगळा त्यांस दिसला आणि त्याचीं छायाचित्रेंहि मिळालीं.

पुढें यावल व मेळघाट येथेंहि तो आढळला. वसंतांत परसांतील पाखरें टिपणाऱ्यानेंहि चित्राखालीं स्थळ व तारीख खरी लिहावी. खोटी नोंद शोधकांस भलत्याच रानांत हिंडविते. खरी नोंद शतकानंतरहि वाट दाखविते.