दम, संमोहन आणि मनातले बोलणे

कारंजा लाडच्या आमच्या मोहल्ल्यात मनाच्या आजाराला नावच नव्हते. ताप होता, पिलिया होता, लकवा होता. मन बिघडले की मात्र 'असर झाला' म्हणत. आमचे हिंदू शेजारी त्यालाच 'बाहेरचे' म्हणत. दिल्ली वेशीपासून मंगरूळ वेशीपर्यंत या एका बाबतीत सारे गाव एकमताचे होते.

माझ्या फूफीला असाच असर झाला. तिचे पहिले मूल चाळीस दिवसांचे होऊन गेले आणि ती बोलेनाशी झाली. चुलीवर दूध उतू जाई, ती बघत बसे. घरच्यांनी दम करून आणला, तावीज बांधला, पाणी पढून आणले. शेवटी कुणीतरी सांगितले म्हणून एका बाबाकडे नेले. त्याने मिरच्यांची धुनी दिली, केस धरले आणि ओरडून विचारले, "तू कौन है, बोल!" खोकत खोकत फूफीने गल्लीतल्या एका मेलेल्या बाईचे नाव घेतले. सगळ्यांनी मान डोलावली, जिन्न बोलला म्हणून. पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला म्हणाली, "धुआं बंद होना था बेटा, मैं किसी का भी नाम ले लेती."

दरडावून विचारणारा आणि घाबरून उत्तर देणारा, या दोघांमध्ये नेमके काय घडते? शक्ती कुणाची असते? दोनशे वर्षांपूर्वी युरोपात याच प्रश्नावर मोठा वाद झाला, आणि त्याला सरळ उत्तर देणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा होता.

जुझे कुस्तोदियो द फारिया याचा जन्म १७५६ साली कांदोळीला झाला. लहानपणीच तो बापाबरोबर पोर्तुगालला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाला. त्याआधी फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टराने पॅरिस गाजवून सोडले होते. आपल्या शरीरातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने रोग बरे होतात, असा त्याचा दावा होता. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखी माणसे होती. असा कोणताही द्रव नाही, जे घडते ते कल्पनेमुळे, असा निर्णय समितीने दिला. विद्वानांच्या लेखी विषय संपला. 'कल्पना आहे' याचा अर्थ त्यांनी 'काहीच नाही' असा घेतला.

फारियाने हीच गोष्ट उलटीकडून धरली. कल्पनेत एवढे बळ असेल तर अभ्यास तिचाच व्हायला हवा! १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, मन शांत करायला सांगायचे आणि ठाम आवाजात म्हणायचे, झोपा. लोहचुंबक नाही, द्रव नाही. माझ्यापाशी कसलीही शक्ती नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. जो झोपतो तो आपल्याच मनाच्या घडणीमुळे झोपतो, ज्याला झोप लागत नाही त्याला मी झोपवू शकत नाही. त्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. कुणाला ही झोप लवकर लागते याचे कारण तो रक्ताच्या पातळपणात शोधत होता. पण सूत्र त्याला सापडले होते. पॅरिसकरांनी रंगभूमीवर त्याची टिंगल केली, धर्मपीठाने संशय घेतला आणि १८१९ साली, त्याचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, तो तिथेच वारला.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि १९४५ मध्ये तो उभा राहिला. फारिया दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कोसळते आहे. शिल्प जबरदस्त आहे. पण बघणाऱ्याला वाटते, शक्ती त्याच्या हातातून निघाली. जे नाकारण्यात त्याची शेवटची वर्षे गेली, तेच त्याच्या स्मारकावर कोरले गेले. लोकांना चमत्कार करणारा हवा असतो, चमत्कार नाही असे सांगणारा नको असतो.

या इतिहासाचे पुढचे पान मुस्लिम वाचकांच्या अधिक जवळचे आहे. बंगालमधील हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ साली आपली सारी मालमत्ता वक्फ केली. त्या उत्पन्नातून पुढे हुगळी कॉलेज निघाले आणि इमामबाडा इस्पितळही चालले. या इस्पितळात जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. एप्रिल १८४५ मध्ये त्याने मेस्मरच्या पद्धतीने एका रोग्याला गाढ निद्रेत नेले आणि त्याला ज्या वेदना होत होत्या त्या जाणवेनाशा झाल्या. भुलीचे औषध अजून हाती आले नव्हते, माणसाला दाबून धरून कापीत. अशा काळात त्याने हत्तीरोगाच्या अवाढव्य गाठी रोगी झोपेत असताना काढल्या. रोग्याच्या डोक्याशी बसून तासन्‌तास हात फिरवण्याचे आणि श्वास सोडण्याचे काम इस्पितळातले हिंदू-मुसलमान मदतनीस करीत. १८४६ साली सरकारने समिती नेमून पाहणी केली आणि कलकत्त्यात वेगळे इस्पितळही दिले.

एस्डेलच्या पुस्तकात झाडफूक करणाऱ्या एका नामांकित बंगाली मांत्रिकाची भेट आहे. त्याचे हात फिरवणे आणि फुंकर घालणे पाहून एस्डेलने ओळखले की हे आपल्यासारखेच चालले आहे. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातला दम आणि साहेबाचे मेस्मेरिझम यांचे नाते तेव्हाच नोंदले गेले होते.

पण एक गोष्ट मला खटकते. पहिला रोगी कैदी होता. नंतरचे बहुतेक गोरगरीब. अंधाऱ्या खोलीत निजवून आपल्यावर काय केले जात आहे, हे त्यांना सांगितले जात नसे. एस्डेल याचा पुरावा म्हणून उपयोग करी : रोग्याला माहीतच नाही, तर कल्पनेचा प्रश्न कुठे? त्याचा हेतू दुष्ट नव्हता, त्याने असंख्य लोकांच्या यातना वाचवल्या. तरीही फारियाच्या खुर्चीतला माणूस स्वतः डोळे मिटत होता, हुगळीतल्या माणसाला कुणी विचारलेच नव्हते. थोड्याच दिवसांत ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलची विद्या मागे पडली.

पुढचा प्रवास परिचित आहे. 'हिप्नॉटिझम' हे नाव जेम्स ब्रेडने रूढ केले. फ्रान्समधील नान्सी गावच्या डॉक्टरांनी सूचनेचे महत्त्व मांडले. व्हिएन्नाच्या फ्रॉईडने संमोहन शिकून घेतले, वापरले आणि सोडून दिले. रोग्याला झोपवण्यापेक्षा जागेपणी बोलू द्यावे, हे त्याने धरले.

बोलण्याने मन बरे होते हा शोध युरोपचा, असे आपण शाळेपासून ऐकतो. म्हणून अबू झैद अल-बल्खी यांचे नाव येथे घ्यायलाच हवे. नवव्या शतकाच्या मध्यावर बल्खजवळ जन्मलेला हा विद्वान ९३४ मध्ये वारला. 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग शरीराविषयी आहे आणि दुसरा मनाविषयी. शरीरासारखेच मनही आजारी पडते आणि मनाच्या दुखण्याचे प्रसंग तर शरीराच्या दुखण्याहून अधिक वेळा येतात, असे ते सांगतात. राग, भीती, दुःख आणि वसवसा यांना त्यांनी स्वतंत्र प्रकरणे दिली. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचे कारण माहीत असते, जसे जिवलग गमावणे. दुसऱ्याचे कारण सापडत नाही, त्याचे मूळ शरीरात असू शकते. पहिल्यावर समजुतीचे बोल आणि विचारांची शिस्त, दुसऱ्यावर शरीराचेही उपचार. घरात जशी औषधे ठेवतो तसे चांगले विचार निरोगीपणी साठवून ठेवावेत, म्हणजे वेळेला हाताशी येतात, हा त्यांचा सल्ला आजच्या समुपदेशकालाही मान्य व्हावा. जिन्नाचे नाव घेऊन ते मोकळे होत नाहीत. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या भागाचे इंग्रजी भाषांतर करून ते २०१३ साली प्रसिद्ध केले. हे ज्ञान हजार वर्षे ग्रंथालयात पडून राहिले आणि आपण धुनी देत राहिलो.

त्याची किंमत आपण मोजली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. दर्ग्याला येणे त्यांचा गुन्हा नव्हता. साखळी हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. दुसरी वाटही आहे. गुजरातमधील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि रोग्याला तिथेच डॉक्टरकडे पाठवतात. कुणाच्या श्रद्धेला धक्का न लावता हे करता येते.

आपल्या विदर्भात नागपूरचे प्रा. श्याम मानव स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले. त्या शब्दातला 'स्व' मला महत्त्वाचा वाटतो. संमोहन म्हणजे जादू, म्हणून हराम, अशी भीती आपल्याकडे अजून आहे. खरे तर ते एकाग्रतेचे साधन आहे. वेदना आणि चिंता कमी करायला त्याचा उपयोग होतो, प्रशिक्षित माणसाच्या हाती. ज्याला भास होतात, आवाज ऐकू येतात, त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यावे.

फूफीलाही अखेर नागपूरला नेले. शकुंतलेने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने पुढे. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि अकोल्याला नेले तर ओळखीचे भेटतील ही भीती होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पण आधी आम्हा सगळ्यांना बाहेर बसवून तासभर तिच्याशी एकटीशी बोलल्या. बाळाचे नाव काय होते, असे त्यांनी विचारले. घरात ते नाव कुणी घेत नसे. अमानत होती, ज्याची त्याला परत गेली, आता विषय काढू नका, असे मोठ्यांचे म्हणणे. फूफी रडली ती त्या दिवशी, वर्षभरात पहिल्यांदा. सहा-सात महिने आम्ही जात राहिलो. दर वेळी ती थोडी अधिक बोलत परत येई, गाडीच्या खिडकीतून पऱ्हाटीची शेते बघत.

दंडावरचा तावीज तिने कधी काढला नाही. डॉक्टरीणबाईंनीही तो काढायला सांगितला नाही.