पावतीपुस्तक आणि पत्र्याची पेटी, १९८३

फोन घरीच ठेवा. क्यूआर कोडचा तो फलकही राहू द्या, इथं त्याला विचारणारं कुणी नाही. खिशात शंभराच्या वरची नोट नको. पाचशेची नोट यायला अजून चार वर्षं आहेत आणि हजाराची १९७८ सालीच बाद झाली आहे. सुटे मात्र रग्गड घ्या: पाच पैसे, दहा पैसे, चार आणे, आठ आणे आणि एक-दोन रुपयांच्या मळक्या नोटा. आज दिवसभर सगळं अडणार आहे ते सुट्यांपायी.

साल १९८३. परळीला रेल्वेतून उतरून एसटीनं तुम्ही अंबाजोगाईत आलात, कारण या गावाला रेल्वे नाही. सत्तावन्नावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं भरलंय आणि अध्यक्ष आहेत व्यंकटेश माडगूळकर. त्यांचं ‘सत्तांतर’ गेल्याच वर्षी आलंय. माकडांच्या टोळ्यांवरची ही छोटीशी कादंबरी याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार घेणार आहे. ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे, पण बोलू नका.

आणखी एक गोष्ट बोलायची नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईतली की विदर्भातल्या आंभोऱ्याची, हा वाद विद्वानांना लखलाभ असो. ज्या गावात दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला, तिथं उभं राहून असली शंका काढणाऱ्याच्या पावतीपुस्तकाला कुणी हात लावणार नाही.

तुमचं वाचक मंडळ इतिहासात शोधू नका. ते मी तुमच्यासाठी उभं केलंय. मांडव, गाव, अध्यक्ष आणि काळ मात्र खरे आहेत. मंडळ माडगूळकरांच्या चाहत्यांचं. कामं दोन: सभासद करायचे आणि एकशिक्षकी शाळांना पुस्तकांच्या पेट्या देण्यासाठी निधी जमवायचा. पत्र्याची ट्रंक, आत गोष्टींची पुस्तकं, झाकणावर आतून चिकटवलेली यादी. ही पेटी एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायची. कल्पना साधीच आहे. अवघड आहे ते हे टेबल चालवणं.

टेबल म्हणजे शाळेतून आणलेला बाक, वर पांढरी चादर. कापडी फलक पेंटरनं रंगवलाय, ‘माडगूळकर’मधला ‘मा’ मोठा झालाय आणि ‘कर’ कडेला चेंगरलाय. वारं सुटलं की पत्रकं उडतात म्हणून त्यांवर चार दगड ठेवलेत. डाव्या हाताला सभासद नोंदवही, उजव्या हाताला पावतीपुस्तक, मध्ये शाईचं पॅड आणि रबरी शिक्का. निधीचा डबा सीलबंद आहे, झाकणाच्या जोडावर कागदाची पट्टी, तिच्यावर दोघांच्या सह्या. पावतीवर मंडळाचा नोंदणी क्रमांक छापलाय ना, ते आधी बघा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद नसताना चारचौघांत निधी गोळा करायला बसलात, तर एखादा निवृत्त अव्वल कारकून हटकून येतो आणि गर्दीसमोर तेवढंच विचारतो.

कार्बन नीट घाला. काळी बाजू खाली. उलटा घातलात तर देणाऱ्याच्या पावतीच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटतात आणि तुमची स्थळप्रत कोरी राहते. बॉलपेन दाबून चालवा, नाहीतर खालच्या प्रतीत ‘रुपये दोन’मधलं ‘दोन’ विरून जातं आणि रात्री हिशेबाला बसल्यावर भांडण लागतं. पावतीवर नाव विचारून, नीट लिहा. दोन रुपये देणाऱ्याला पावती उगाच कशाला, असं तुमच्यातल्या एका उत्साही पोराला वाटतंय. त्याला वेळीच गप्प करा. शंभर देणारा पावती घेतो आणि विसरतो. दोन देणारा तिची घडी घालून टोपीत ठेवतो आणि गावात दाखवतो. त्या पावतीवर तुमची पुढची दहा माणसं उभी असतात.

सकाळच्या सत्रात ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या मुलांची नावं आणि स्वागताध्यक्षांचे आभार आलटून पालटून चालू आहेत. पहिली चूक तुम्ही इथंच बघाल. ते पोरगं डबा खुळखुळवत टेबलापुढं उभं आहे. समोरून चार शिक्षक येतात, डबा बघतात आणि वळून पुस्तकांच्या गाळ्याकडं जातात. या दोन कामांचं आपसात पटत नाही ते असं. माणूस आलेला असतो आवडत्या लेखकासाठी. त्याच्यापुढं आधी डबा धरला की तो स्वतःला वाचक समजायचं थांबवतो, खिसा समजायला लागतो. डबा बाकाखाली ढकला. आधी विचारा, ‘बनगरवाडी वाचलीत का?’

एवढ्यावर माणूस थांबतो. बीड जिल्ह्यात तर थांबतोच. माडगूळकरांच्या या कादंबरीतली वाडी माणदेशातली, इथून कितीतरी दूर. पण मेंढरांची वस्ती, नवखा मास्तर, पाऊस दगा देतो आणि वाडी उठून जाते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ सरून अकराच वर्षं झालीत. समोर उभ्या असलेल्यांतल्या अर्ध्याअधिकांनी पाझर तलावावर माती उचललीय, खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीला नाकं मुरडत ती पोटात ढकललीय. रोजगार हमीचा कायदा अंमलात आला १९७९ मध्ये, पण त्याची मुळं त्या खडीतच आहेत.

एक धोतरवाले बाबा येतात. वाचता येत नाही म्हणतात. नातवानं वाचून दाखवलंय.

‘मास्तरनं तालीम बांधली ती हीच ना गोष्ट?’

‘हो बाबा, हीच.’

‘मग तिला पैसे कुणी दिले?’

इथं तुम्हाला थांबावं लागेल. खरं तर हाच प्रश्न सकाळपासून तुम्ही लोकांना विचारायला हवा होता. कादंबरीत सगळी वाडी तालमीसाठी राबते, ज्याच्याकडं जे असेल ते घालते आणि उद्घाटनाला राजा येतो. म्हणजे तुम्ही जे करायला बसलात, ते तुमच्या आवडत्या पुस्तकात आधीच झालंय. गरीब पोरांसाठी मदत करा हो, ही हाक मारणं सोडा. एक वाडी तालीम बांधू शकते, तर आपण वाचणारे एक पेटी भरू शकतो, असं म्हणा. चाहत्याला दया दाखवायला लावलं की तो लाजतो. गोष्टीत घेतलं की खिशात हात घालतो. बाबांनी चार आणे दिले.

‘नाव लिव्हा मपलं. नातवाचं बी लिव्हा.’

दोन नावं, चार आणे, पावती एकच. नियमात बसत नाही. लिहा.

आता वर्गणीचा हिशेब, कारण मंडळं बुडतात ती इथं. वार्षिक दोन रुपये ठेवावेत असं तुमच्या कोषाध्यक्षांचं म्हणणं. आकडा सोपा आहे, कुणी नाही म्हणणार नाही. पण पोस्टकार्ड १५ पैशांना आहे. सभासदाला वर्षाकाठी चार पत्रं धाडलीत की ६० पैसे गेले, हातात उरले १ रुपया ४०. त्यातून पत्रकं, शिक्का, पावतीपुस्तकाची छपाई. पेटीला काय जाणार, कप्पाळ? पत्रं कमी करू म्हणाल, तर तेही नको. कार्ड आलं नाही की वर्षभरानं तो सभासद तुम्हाला ओळखणार नाही. पाच रुपये करा, विद्यार्थ्यांना दोन, आणि वर्गणीची वही निधीपासून वेगळी ठेवा. पोस्टकार्डाचे पैसे डब्यातून काढायला लागलात की पेटी कधीच भरत नाही. नावं तीच राहतात, अहवाल दरवर्षी छान होतो.

दुपारी अध्यक्ष मांडवात येताहेत असं कळतं आणि तुमच्या टेबलापुढची गर्दी पाणी ओसरावं तशी ओसरते. वही मिटू नका. याच वेळी जे थांबतात, ते कामाचे. एक मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी पाय दुखतात म्हणून बाकावर टेकते आणि दोन ओळींत नावनोंदणीचा अख्खा रकाना सुधारून देते: तुम्ही गाव लिहिलंय, तालुका आणि पोस्ट लिहिलं नाही, पत्र जाणार कुठं? शहाणी मुलगी. तिला आजच चिटणीस करा, पुरुष मंडळी काय म्हणतील ते मग बघू.

तिच्या मागं एक गुरुजी उभे आहेत. वडवणीकडच्या एका तांड्यावर शाळा आहे त्यांची. ते पैसे देत नाहीत, वाद घालतात.

‘पेटी देणार कधी?’

‘उन्हाळ्याच्या सुट्टीआधी.’

‘दिवाळीनंतर आमचा पट निम्म्यावर येतो. पोरं आईबापासोबत कारखान्यावर. ऊसतोड संपून गावी येईस्तोवर परीक्षा उरकलेली असते. तुमची पेटी माझ्या शाळेत बसून करणार काय? फडावर पाठवा.’

पोरगं म्हणतं, फडावर पुस्तकं टिकायची नाहीत, कोपी पाचटाची, पाऊस आला की संपलं. गुरुजी म्हणतात, पत्र्याचीच पेटी आहे ना तुमची? तुम्ही दोघांकडं बघत राहता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर बैलगाड्या घेऊन निघालेली ही माणसं बीडचीच. त्यांच्यावाचून इथली शाळा म्हणजे बनगरवाडीचा शेवट, दरवर्षी, वेळापत्रकानं. फलकावर लिहिलंय ‘वाडी-वस्तीवरच्या शाळांसाठी’. गुरुजींचं ऐकायचं तर फलक बदलायला हवा आणि ज्यांनी सकाळपासून त्या फलकावर विश्वासून पैसे दिले, त्यांना विचारायला हवं. निधी एका नावानं घेऊन दुसऱ्या कामाला लावायचा नसतो, काम कितीही चांगलं असो. गुरुजींचा पत्ता घ्या, तालुक्यासकट.

रात्री कंदिलाजवळ दोन साक्षीदार बसवून डबा फोडा. चार आण्यांचे ढीग एकीकडं, दहा पैसे दुसरीकडं. त्यात शर्टाची दोन बटणं निघतील आणि एक हाली नाणं, निजामाच्या राज्यातलं. कुण्या म्हातारीनं गाठोड्यातून काढून टाकलं असणार. कोषाध्यक्ष ते फेकायला निघतील. फेकू देऊ नका. वहीत ‘बाद नाणी: १’ अशी ओळ घाला, म्हणजे डब्यातून निघालेलं सगळं वहीत आलं.

मग उद्याचं ठरवा. टेबल कविसंमेलनाच्या दाराशी हलवायचं. तिथं माणसं आत जायची वाट बघत तासभर तिष्ठतात. डबा बाकाखालीच. मेडिकलची मुलगी नोंदवहीवर बसेल. दुसरी पेटी फडासाठी, तिचं पावतीपुस्तक निराळं, पहिली पावती गुरुजींच्या नावानं. दोन रुपये द्यायला त्यांना भाग पाडा. आणि पेंटरला सकाळी सातला उठवा, ‘कर’ नीट लिहून घ्यायचाय.