मत नाही, प्रश्न मात्र आहे

कावासाकी म्हटलं की आपल्याकडच्या एका पिढीला अजूनही मोटारसायकल आठवते. बजाजच्या जोडीने घराघरात पोचलेलं ते नाव. खुलासा आधीच केलेला बरा. त्या कंपनीचा आणि तोक्यो व योकोहामा यांच्या मध्ये पट्टीसारख्या पसरलेल्या या शहराचा काही संबंध नाही. कंपनीला संस्थापकाचं, म्हणजे कावासाकी शोझो यांचं आडनाव मिळालं आणि तिचं बस्तान कोबेला. आपलं कावासाकी हे पोलादाच्या भट्ट्यांचं, तेलाच्या टाक्यांचं, कामगारांचं गाव. आज सात वॉर्ड, पंधरा लाखांवर वस्ती आणि त्यात पन्नास हजारांहून जास्त परदेशी. आपल्यातलीही काही घरं त्यात आली.

दिवाळीच्या अंकात हा विषय कुठून आला, असं वाटेल. पण आपण इथे कर भरतो, आरोग्य विम्याचे हप्ते भरतो, मुलांना इथल्या शाळेत घालतो आणि निवडणुकीच्या दिवशी मात्र लाउडस्पीकरच्या गाड्या नुसत्या बघत बसतो. मतदानाचा हक्क नसलेल्या माणसाला सरकारला जाब विचारता येतो का? या प्रश्नाला कावासाकीने जे उत्तर दिलं, त्याचा हा इतिहास.

आधी मत असलेल्यांची व्यवस्था पाहू. जपानचा स्थानिक स्वराज्याचा कायदा ३ मे १९४७ ला, नव्या राज्यघटनेबरोबरच लागू झाला. त्यानुसार महापौरही लोक थेट निवडतात आणि नगरसेवकही. आपल्या मुंबई-पुण्यात महापौर शोभेचा आणि खरा कारभार राज्य सरकारने पाठवलेल्या आयुक्ताच्या हाती. इथे तसं नाही. खुर्ची महापौराची, सहीही त्याचीच, आणि सभागृहात उत्तराला उभं राहायचं तेही त्यानेच किंवा त्याच्या खातेप्रमुखांनी. कावासाकीच्या सभागृहात ६० नगरसेवक आहेत. पक्षाच्या वतीने विचारायचे प्रश्न वेगळे, एकेकट्या नगरसेवकाचे वेगळे. विषय आधी कळवावा लागतो, त्यामुळे उत्तरं बहुतेक वेळा लिहून आणलेली असतात. त्यातलं सर्वांत लाडकं उत्तर म्हणजे ‘केंतो शिमासु’, विचार करू. इथल्या ऑफिसात वर्षभर काढलेल्या कुणालाही त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको! आपल्या विधानसभेतलं ‘माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल’ हे त्याचंच भावंड.

तरीही या प्रश्नांना दात आहेत. कायद्याच्या १००व्या कलमाखाली सभागृह चौकशी समिती नेमू शकतं, साक्षीदार बोलावू शकतं, आणि सबळ कारण नसताना जो येणार नाही त्याला शिक्षा होऊ शकते. महापौराला घालवायला मात्र हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि तसा ठराव झाला तर महापौर दहा दिवसांत सभागृहच बरखास्त करू शकतो. म्हणजे दोघांच्या हातात दोऱ्या. अशा रचनेत रोजचं हत्यार एकच उरतं, प्रश्न विचारणं आणि उत्तर नोंदवून घेणं.

पण कितीतरी वर्षं काही विषयांवर या हत्याराची धार बोथट होती. केंद्राची बरीच कामं महापौराकडे ‘केंद्राचा हस्तक’ म्हणून सोपवलेली असत. त्या कामापुरता महापौर मंत्रालयाचा ताबेदार, आणि सभागृहाला त्यावर स्थानिक कायदा करता येत नसे. २००० साली विकेंद्रीकरणाच्या कायद्याने ही पद्धत मोडली. आपल्या इतिहासात १९१९च्या सुधारणांनी ‘सोपीव’ आणि ‘राखीव’ खाती केली होती. शिक्षण, आरोग्य आपल्या मंत्र्यांकडे. पोलीस आणि जमीन महसूल गव्हर्नरकडे. तसलाच हा प्रकार, फक्त लोकशाहीतला. परदेशी माणसांची नोंदणी हे नेमकं असंच सोपवलेलं काम होतं. २०१२ पर्यंत वॉर्ड ऑफिसातून जे ‘गाईजिन कार्ड’ मिळायचं, त्याचीच ही गोष्ट.

कावासाकीतले जुने परदेशी म्हणजे कोरियन. पोलाद कारखान्यांच्या आसऱ्याने साकुरामोतो भागात त्यांच्या वस्त्या झाल्या. कोरिया जपानच्या ताब्यात असताना हे लोक जपानचे प्रजाजन होते. १९२५ च्या कायद्याने जपानात राहणाऱ्या कोरियन पुरुषांनाही मत मिळालं, आणि १९३२ साली तोक्योतून पाक चुन-गुम नावाचा कोरियन जपानच्या संसदेत निवडूनही आला. (तो सरकारधार्जिणा होता, ही गोष्ट वेगळी.) युद्ध संपलं आणि डिसेंबर १९४५ मध्ये त्यांचं मत गेलं, १९५२ मध्ये नागरिकत्व गेलं. माणसं तीच, गल्ली तीच, घामही त्याच कारखान्यात गाळलेला. १९५५ पासून नोंदणीसाठी बोटांचे ठसे द्यावे लागू लागले. आपण नारीताला यंत्रावर बोटं ठेवतो ती पद्धत २००७ सालची. पण जन्मच कावासाकीत झालेल्या पोराला ठसा द्यायला बोलावणं निराळं.

मत नसलेल्या या माणसांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली ती सभागृहाबाहेरून. एका कोरियन तरुणाला हिताची कंपनीने नोकरी देऊन, तो कोरियन आहे हे कळल्यावर नाकारली होती. तो खटला तो १९७४ साली योकोहामाच्या न्यायालयात जिंकला. त्या हिमतीवर साकुरामोतोच्या आयाबापांनी महापालिकेला विचारलं, कर सारखाच घेता, मग मुलांचा भत्ता आणि महापालिकेची घरं आम्हाला का नाहीत? महापौर होते इतो साबुरो, महापालिका कर्मचारी संघटनेतून पुढे आलेले. १९७५ पासून कावासाकीने दोन्ही गोष्टी परदेशी रहिवाशांना खुल्या केल्या. आरोग्य विमा १९७२ सालीच दिला होता. याच इतोंनी फेब्रुवारी १९८५ मध्ये जाहीर केलं की ठसे नाकारणाऱ्यांविरुद्ध महापालिका फिर्याद करणार नाही. कायदा किंवा नियम माणुसकीहून मोठा नाही. केंद्राने सोपवलेल्या कामात महापौराने असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. पोलीस महापौराच्या हाती नसतात, त्यामुळे त्याच मे महिन्यात साकुरामोतोच्या एका कार्यकर्त्याला अटकही झाली. ठशांची सक्ती कायमच्या रहिवाशांसाठी १९९३ मध्ये आणि बाकीच्यांसाठी २००० मध्ये संपली.

हाच महापौर, हीच महापालिका, आणि १८ जून १९८८ ला ‘आसाही’ने बातमी छापली की उपमहापौरांना रिक्रूट समूहाच्या बाजारात न आलेल्या कंपनीचे शेअर मिळाले होते आणि ते विकून सुमारे १२ कोटी येनचा फायदा झाला होता. कावासाकी स्टेशनजवळच्या विकासाच्या व्यवहारातलं हे प्रकरण. पोलिसांनी ते आधी हातचं सोडलं होतं, वार्ताहरांनी नाही. तिथून निघालेला धागा थेट पंतप्रधान ताकेशितांपर्यंत गेला आणि १९८९ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. नगरसेवकांच्या डोळ्यांदेखत हे घडलं आणि वर्तमानपत्राने सांगेपर्यंत सभागृहात त्याचा पत्ता नव्हता, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं प्रकरण वाटतं. नव्या महापौरांनी, ताकाहाशी कियोशी यांनी, १९९० साली नागरी लोकपाल नेमला. जपानच्या स्थानिक कारभारातला तो पहिला. तक्रार करायला मतदार असण्याची अट नाही. आपल्या महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्येच केला होता, हे अभिमानाने सांगता येईल. त्याला किती दात दिले, हा प्रश्न मात्र कुणी विचारू नये.

फेब्रुवारी १९९५ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क घटना देत नाही, पण संसदेने कायदा करून दिला तर घटनेची आडकाठीही नाही. संसदेने तो कायदा केला नाही. कावासाकीने मग स्वतःच्या हातात होतं तेवढं केलं. १९९६ साली अग्निशमन दलासारखी कामं वगळून महापालिकेच्या नोकऱ्यांतली नागरिकत्वाची अट काढली, आणि त्याच वर्षी सभागृहाने कायदा मंजूर करून परदेशी नागरिकांची प्रतिनिधी सभा स्थापन केली. जर्मनीतल्या शहरांमधल्या परदेशी रहिवाशांच्या समित्या डोळ्यांपुढे होत्या. जास्तीत जास्त २६ सभासद, मुदत दोन वर्षं. निवडणूक नाही, अर्ज मागवून निवड. वय १८ पूर्ण हवं आणि कावासाकीत वर्षभर तरी राहिलेलं असावं. निवडून आलेला माणूस आपल्या देशाचा वकील नसतो, तो शहरातल्या सगळ्या परदेश्यांचा प्रतिनिधी. पहिले अध्यक्ष झाले ली इन-हा, साकुरामोतोत १९६९ मध्ये सगळ्यांसाठी बालवाडी काढणारे कोरियन पाद्री.

या सभेला ठराव बंधनकारक करण्याची ताकद नाही. पण कायद्यात एक कलम फार विचारपूर्वक घातलंय. सभा दरवर्षी महापौराला अहवाल देते, महापौराने त्याचा आदर राखायचा, आणि तो अहवाल नगरसेवकांच्या सभागृहापुढे ठेवून प्रसिद्धही करायचा. म्हणजे मत नसलेल्यांचा प्रश्न मत असलेल्यांच्या टेबलावर जातो. सूचना सल्लापेटीत पडून राहिली असती. इथे ती दप्तरात चढते आणि पुढच्या वर्षी ‘त्याचं काय झालं’ असं विचारता येतं.

आपल्याला हे अनोळखी नाही. १८९२ च्या कायद्याने मुंबईच्या कायदेकौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. अंदाजपत्रकावर बोलायचं, मत द्यायचं नाही. उत्तरावर उपप्रश्नही नाही. तो १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९ नंतर इतरांना मिळाला. अशा अपुऱ्या सभागृहात फिरोजशहा मेहता बसले, लोकमान्य टिळक १८९५ ते ९७ बसले, गोखले नंतर आले. उत्तर हाती आलं तरी काम झालं असं नाही, हेही तिथेच कळलं. १९२३ साली सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तिथे जावं लागलं.

कावासाकीतही कागद आणि दार यांच्यातलं अंतर आहेच. प्रतिनिधी सभेने अगदी सुरुवातीला हाती घेतलेला विषय घरांचा. भाड्याचं घर शोधताना ‘परदेशी नको’ हे फोनवर ऐकलेलं नाही असा आपल्यातला माणूस विरळा. हमीदार कोण, हा त्याहून अवघड प्रश्न. सभेच्या मागणीतून २००० साली शहराने गृहनिर्माणाचा मूलभूत कायदा केला, परदेशी म्हणून घर नाकारू नये असं त्यात लिहिलं, आणि हमीदार नसलेल्यांसाठी हमी कंपनीमार्फत सोयही सुरू केली. नाकारणाऱ्याला दंड त्या कायद्यात नव्हता. दंडाचं कलम यायला २०१९ उजाडलं, तेही वेगळ्या विषयावर. साकुरामोतोत येऊन ‘चालते व्हा’ ओरडणाऱ्या मोर्चांनंतर त्या डिसेंबरात सभागृहाने कायदा केला. समज, मग आदेश, आणि तरीही सार्वजनिक जागी तेच पुन्हा केलं तर ५ लाख येनपर्यंत दंड. द्वेषाच्या भाषेला अशी शिक्षा ठेवणारं जपानातलं हे पहिलं शहर.

दुसरा रस्ता आपल्याच एका माणसाने घेतला. योगेंद्र पुराणिक यांनी जपानचं नागरिकत्व स्वीकारलं आणि एप्रिल २०१९ मध्ये ते तोक्योच्या एदोगावा वॉर्डच्या सभागृहात निवडून आले. जपानात निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. त्यांना प्रश्नही मिळाला आणि मतही, पण त्यासाठी भारताचा पासपोर्ट परत करावा लागला, कारण दुहेरी नागरिकत्व ना भारताला चालत ना जपानला. ज्याला तो सोडवत नाही त्याच्यासाठी कावासाकीची २६ खुर्च्यांची सभा आहे. जपानी बऱ्यापैकी यावं लागतं, कारण बैठका जपानीत चालतात. त्या रविवारी असतात, तोयोको लाइनच्या मोतोसुमियोशी स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवरच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात, आणि ऐकायला बसायला कुणालाही मोकळीक आहे.