चाळिशी-पन्नाशीनंतर दातांना तारा लावता येतात का?

शाळकरी मुलांच्या दातांवर तारा दिसल्या तर आता मुळशीच्या खेड्यांतही कोणी वळून पाहत नाही. त्याच तारा पन्नाशीच्या बाईच्या दातांवर दिसल्या तर मात्र "आता या वयात कशाला?" हा प्रश्न आधी घरातूनच येतो. या प्रश्नात दोन शंका मिसळलेल्या असतात. या वयात ते शोभेल का, ही एक. तिचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. या वयात दात सरकतील का, ही दुसरी. तिचे उत्तर सरळ आहे. सरकतात, आणि त्याला वयाची वरची मर्यादा नाही. साठीच्या पुढच्या माणसांवरही हे उपचार होतात. अट एकच आहे: दाताभोवतीचे हाड आणि हिरडी निरोगी हवी. मोठ्या वयात नेमके इथेच अडते, म्हणून या लेखात तारांपेक्षा हिरड्यांविषयी जास्त वाचायला मिळेल.

दात सरकतो म्हणजे काय होते?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे. तारेने दातावर हलका पण सतत दाब ठेवला की ज्या बाजूला दात ढकलला जातो त्या बाजूचे हाड हळूहळू झिजते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड भरते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढीच ही चाल. जास्त जोर लावला म्हणून दात लवकर सरकत नाही, उलट मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. हाडाची ही मोडजोड आयुष्यभर चालू असते. सत्तरीत मनगट मोडले तरी ते जुळून येते, तसेच हे. मोठ्यांमध्ये सुरुवात थोडी संथ होते, इतकेच.

एक फरक मात्र मोठा आहे. मुलांचे जबडे वाढत असतात, त्या वाढीला वळण देता येते. मोठ्या माणसाच्या टाळूचा मधला सांधा घट्ट जुळलेला असतो, त्यामुळे साध्या पट्टीने वरचा जबडा रुंद होत नाही. खालचा जबडाच फार पुढे किंवा मागे असेल तर तारांसोबत जबड्याची शस्त्रक्रिया लागते, नाहीतर जेवढे जमेल तेवढ्यावर समाधान मानावे लागते. यातले काय पत्करायचे ते तारा लावण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

तरुणपणी सरळ असलेले दात आता पुढे का आले?

मोठ्या वयात उपचाराला येणारे काही जण लहानपणापासूनच्या वाकड्या दातांसाठी येतात. तेव्हा घरी पैसे नव्हते किंवा जवळपास डॉक्टर नव्हता, आणि आता मुलाच्या तारा लावताना स्वतःचेही उरकून घ्यावेसे वाटते. त्यांचे काम त्यामानाने सोपे असते. पण "लग्नात माझे दात मोत्यासारखे होते, गेल्या चार-पाच वर्षांत फटी पडल्या" असे कोणी सांगत असेल तर तिथे थांबून कारण शोधायला हवे.

खालचे पटाशीचे दात वयाबरोबर थोडे दाटतात, हे जवळजवळ सगळ्यांचे होते. अक्कलदाढ ढकलते म्हणून ते दाटतात असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. निव्वळ त्यासाठी अक्कलदाढ काढून घेऊ नका. दुसरे कारण काढलेल्या दाढा. दाढ दुखली, काढून टाकली आणि जागा तशीच ठेवली, तर शेजारची दाढ त्या फटीत कलंडते आणि समोरच्या जबड्यातली दाढ लांबून खाली किंवा वर येते. असे दहा-पंधरा वर्षे राहिले की चावण्याची सगळी घडीच बदलते.

तिसरे कारण सगळ्यांत महत्त्वाचे: हिरड्यांचा आजार, म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो. दातांवर कीटण साठते, हिरडी सुजते आणि आतले हाड वितळत जाते. हे बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कळत नाही. हाडाचा आधार कमी झाला की पुढचे दात पंख्यासारखे बाहेर पसरतात आणि त्यांच्यात फटी पडतात. माणूस फटींसाठी डॉक्टरकडे जातो, आजार मात्र मुळाशी असतो.

आपल्याकडे यात मशेरीची भर पडते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखू अनेक बायका सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात आणि ती दातांसाठी चांगली असते असेच समजून चालतात. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. रक्त येत नाही म्हणजे हिरडी धड आहे, असा समज होतो आणि तेवढी वर्षे वाया जातात. शिवाय मशेरी ही तंबाखूच, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे. तारा लावायच्या असोत वा नसोत, ती सुटायला हवी.

हिरडीचा आजार चालू असताना तारा लावल्या तर काय होते? दात सरकवताना हाड झिजणे आणि भरणे ही दोन्ही कामे व्हावी लागतात. सुजलेल्या हिरडीत झिजणे जोरात होते, भरणे होत नाही. दात सरळ होतो आणि सैल होऊन हातात येतो. म्हणून आधी कीटण काढणे, गरज असेल तर मुळांची खोल सफाई, मग काही महिने थांबून हिरडी खरोखर आवळली का ते पाहणे, आणि त्यानंतर तारा. आजार आटोक्यात आल्यावर, हाड थोडे कमी असले तरी हलक्या जोराने काम होऊ शकते. पहिल्याच भेटीत हिरडीची खोली न मोजता, एक्स-रे न काढता कोणी तारा लावायला निघाला तर तिथून उठावे.

औषधांची पिशवी सोबत न्या

मोठ्या वयात नुसते दात दाखवून भागत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे ते सांगा. साखर बेताल असताना हिरडी बरी होत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अॅम्लोडिपिनसारख्यांनी, काही जणांच्या हिरड्या फुगतात. अशा वेळी गोळी आपणहून बंद करू नका. ती बदलायची का हे देणाऱ्या डॉक्टरला ठरवू द्या.

हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड ही त्यांतली नावे. ही औषधे हाडाची झीज थांबवतात, आणि दात सरकायला तर तीच झीज लागते. काम मंदावते. दात काढावा लागला तर क्वचित जबड्याची जखम भरतच नाही. 'ते हाडांचे इंजेक्शन, दातांशी काय संबंध' असे म्हणून ही गोष्ट सांगायची राहून जाते. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांची मात्र काळजी नको.

तोंडात आधी झालेली कामेही मोजावी लागतात. रूट कॅनल केलेला दात सरकतो. कॅप असलेल्या दातावर तारेचे बटण चिकटते, पण निसटते लवकर. ब्रिजने जोडलेले दात वेगळे केल्याशिवाय हलत नाहीत. इम्प्लांट तर अजिबातच हलत नाही, कारण त्याच्याभोवती ते तंतूंचे अस्तरच नसते. त्यामुळे दोन्ही करायचे असेल तर आधी तारा, मग इम्प्लांट.

धातूच्या तारा, पांढऱ्या तारा की अलाइनर?

धातूच्या तारा सगळ्यांत स्वस्त आणि अवघड कामालाही पुऱ्या पडतात. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक बटणांना खर्च जास्त. त्यांच्यावर बसवलेली पारदर्शक रबरे आपल्या हळदीच्या आमटीने दोन दिवसांत पिवळी होतात, याची कल्पना आधी असलेली बरी. अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या शेवटी ते बाजारात आले. दिवसाचे सुमारे 22 तास घालायचे, फक्त खाताना काढायचे. एकेक साचा साधारण पाव मिलिमीटरचे काम करतो, मग पुढचा. हिरड्या नाजूक असणाऱ्याला ते सोयीचे पडतात, कारण दात नीट घासता येतात. पण दर तासाला चहा लागणाऱ्याने विचार करूनच पैसे भरावेत. प्रत्येक घोटाआधी साचा काढून, नंतर चूळ भरून तो परत घालणे बहुतेकांना जमत नाही. घरबसल्या तोंडाचा साचा मागवून टपालाने अलाइनर पाठवणाऱ्यांपासून मोठ्या वयाच्या माणसाने दूरच राहावे. हिरडीत काय चालले आहे ते फोटोत दिसत नाही.

तारा असताना भाकरी सोडावी लागत नाही; आमटीत किंवा दुधात कुस्करून खाता येते. ऊस, चिक्की, सुपारी, कणीस दाताने ओरबाडणे आणि पेरू तसाच चावणे बंद. पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात.

उरवड्याहून जायचे तर

पिरंगुटच्या परिसरात दात काढणारे, भरणारे दवाखाने आहेत. तारांसाठी मात्र ऑर्थोडॉन्टिस्ट हवा, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षे याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर. काही दवाखान्यांत तो महिन्यातून एखाद-दोनदाच येतो. तसे असेल तर मधल्या काळात तार टोचली तर कोणाला फोन करायचा, हे आधी विचारून ठेवा. हिरड्यांचा तज्ज्ञ वेगळा असतो, आणि मोठ्या वयात दोघांचे आपसात बोलणे असावे लागते.

खर्चाचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार करावा. उरवडे-पिरंगुटहून भुगाव ओलांडून चांदणी चौकात आले की एका दिशेला वारजेमार्गे वडगावचे सिंहगड आणि धनकवडीचे भारती विद्यापीठ, दुसऱ्या दिशेला वाकडवरून पिंपरीचे डी. वाय. पाटील, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. महाविद्यालयात शिक्षकांच्या देखरेखीखाली एमडीएसचे विद्यार्थी काम करतात. दर खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात, वेळ मात्र जास्त जातो. सुरू करतानाच विचारा की हा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला तर पुढे कोण पाहणार. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत; तिथे दर महिन्याला जाणे उरवडेकरांना परवडणारे नाही. बहुतेक आरोग्य विम्यांत तारांचा खर्च धरलेला नसतो.

साधारण दीड ते दोन वर्षे, चार ते सहा आठवड्यांनी एक फेरी, म्हणजे पंधरा-वीस फेऱ्या झाल्या. कंपनीत पाळीने काम करणाऱ्याचे तेवढे अर्धे दिवस बुडतात. भातलावणीच्या दिवसांत फेरी चुकणार असेल तर डॉक्टरला आधीच सांगावे. महिनाभर उशिरा गेल्याने काही बिघडत नाही, पण पाच-सहा महिने तार तशीच ठेवून गायब झाले तर दात भलतीकडे जातात. हिरडीचा जुना आजार असेल तर दर तीन महिन्यांनी सफाई हवी, आणि घरी दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश रोज.

तारा काढल्यावर

दात सरळ झाल्यावर दोन दातांमध्ये हिरडीलगत छोटे काळे त्रिकोण दिसू लागतात, म्हणून काही जण हिरमुसतात. हाड आणि हिरडी आधीच खाली गेलेली असते. वेडेवाकडे दात एकमेकांवर चढलेले असताना ते झाकले जात होते. दातांच्या कडा किंचित घासून ते लहान करता येतात, पूर्ण जात नाहीत.

आणि रिटेनर. हिरड्यांच्या आजाराने पसरलेले दात जागेवर आणले तरी त्यांचा कमी झालेला आधार परत येत नाही, त्यामुळे संधी मिळताच ते पुन्हा पसरतात. अशांच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला एक बारीक तार कायमची चिकटवतात. ती बाहेरून दिसत नाही. एखाद्या दातावरून ती सुटली तरी दुखत नाही, म्हणून महिन्यातून एकदा जीभ फिरवून आणि आरशात पाहून ती सगळीकडे चिकटलेली आहे ना हे तपासायचे, आणि सुटली असेल तर त्याच आठवड्यात जाऊन चिकटवून घ्यायची. काढघाल करता येणारा प्लॅस्टिकचा रिटेनर असेल तर तो रोज रात्री घालायचा, साध्या पाण्याने धुवायचा. उकळत्या पाण्यात टाकला तर त्याचा आकार बिघडतो.